गोल देठाचा लव्हाळा

उपवासकाळ लागला की घर आवरायला काढायचे, ही आमच्या घरची जुनी रीत आहे. राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून देवळातून परत आलो की आमची पत्नी पदर खोचते आणि माळ्यावरच्या वस्तू एकेक करून अंगणात उतरू लागतात. मनाची झाडलोट करण्याचे दिवस आहेत, तर घराचीही व्हावी, असे तिचे म्हणणे. २०२५ सालच्या उपवासकाळात अशीच एक पत्र्याची ट्रंक खाली आली. आम्ही नोकरीची पहिली काही वर्षे अकोले तालुक्यातील एका निवासी शाळेत काढली. त्या काळातील पाठटाचणे, जुने हजेरीपट आणि मुलांच्या काही निवडक वह्या या ट्रंकेत होत्या. वाळवीने आपला वाटा आधीच उचलला होता. उरलेल्यात एक जाड पुठ्ठ्याचा कागद निघाला. त्यावर एक लहानसे, मुळासकट उपटलेले, वाळलेले रोप सुईदोऱ्याने शिवलेले होते.

रोप म्हणजे काय, तर पंधरा-वीस केसांसारखी बारीक हिरवट काडे एकाच मुळातून वर आलेली, वीतभरसुद्धा उंच नाहीत. आणि प्रत्येक काडाच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असा एकच काळसर जांभळा ठिपका. खाली मुलीच्या हातचे टपोरे अक्षर होते: "लव्हाळ्याचा भाऊ. धरणाच्या काठाला पाणी हटल्यावर येतो. याला पेरं नाहीत." त्याच्याखाली लाल शाईत दुसरे अक्षर होते. ते आमचे होते. "चूक. देठ गोल आहे. लव्हाळ्याचा देठ तीन कडांचा असतो. हे गवत." आणि कोपऱ्यात वर्तुळात गुण: दहापैकी चार. साल १९८६.

आम्ही तो कागद हातात धरून बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. मुलगी आठवली. ठाकर समाजाची, आठवीत होती, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून आली होती. वर्गात फारशी बोलत नसे. तिचे नाव या लेखात आम्ही लिहीत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

या लाल शाईच्या दोन ओळींचे काय झाले, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. पण त्याआधी वाचकांनी आमच्याबरोबर थोडे ओणवे होऊन चिखलात पाहिले पाहिजे. कारण जे घडले ते समजायचे तर गवत कोणते आणि लव्हाळा कोणता, हे आधी समजले पाहिजे.

लव्हाळा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. उसाच्या सरीत, मक्यात, बांधावर, ओढ्याकाठी तो असतोच. शेतकरी त्याला शिव्या देतो, कारण वरून कितीही खुरपला तरी जमिनीतील गाठींतून तो पुन्हा उगवतो. याच गाठी वाळवून वैद्य औषधात घालतात, त्या नागरमोथा म्हणून. दिवाळीच्या उटण्याचा सुवासही काही अंशी त्यांचाच. संस्कृतात ही मुस्ता, आणि तिच्या नावावरूनच मराठी वनस्पतिशास्त्राने या साऱ्या गोतावळ्याला मुस्ता कुल असे म्हटले आहे. जगभरात या कुळात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. गवते मात्र निराळ्या कुळातील, तृण कुळातील. ज्वारी, बाजरी, गहू, भात, ऊस, बांबू ही सारी गवतेच. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात: हिरवी, सडपातळ, वाऱ्यावर डुलणारी. म्हणून आपण दोन्हींना सरसकट गवत म्हणतो आणि पुढे जातो.

जवळून पाहणाऱ्याला मात्र फरक दिसतो. गवताच्या काडाला पेरे असतात. ऊस डोळ्यांसमोर आणावा म्हणजे झाले; कांडे, मग पेर, पुन्हा कांडे. दोन पेरांमधला भाग बहुतेक गवतांत पोकळ असतो. लव्हाळ्याच्या काडाला अशी पेरे दिसत नाहीत. मुळापासून फुलोऱ्यापर्यंत तो सलग, आणि बहुधा आतून भरीव असतो. गवताची पाने काडाच्या दोन बाजूंना, लव्हाळ्याची तीन बाजूंना. गवताच्या पानाची खोळ एका बाजूने उघडी, लव्हाळ्याची बंद नळीसारखी. आणि सर्वांत सोपी खूण म्हणून शाळेत शिकवतात ती ही, की लव्हाळ्याचा देठ अंगठा आणि बोट यांमध्ये धरून फिरवला तर त्याच्या तीन कडा बोटाला टोचतात. गवताचा देठ गोल फिरतो.

ही शेवटची खूण आम्ही वर्षानुवर्षे शिकवली. शिकवायला सोपी, परीक्षेत विचारायला सोपी, तपासायला त्याहून सोपी. तिच्यात एकच उणीव होती. मुस्ता कुळातील बहुतेकांचे देठ तिधारी असतात हे खरे, सर्वांचे नसतात. आम्ही 'बहुतेक' हा शब्द गाळला होता. त्या मुलीने मात्र नियम पाठ केला नव्हता. तिने रोप पाहिले होते. देठ गोल आहे हे तिलाही दिसलेच असणार. पण त्या गोल देठाला पेरे नाहीत, हे तिने त्याच्याही पलीकडे जाऊन पाहिले, आणि हा गवताच्या घरचा नव्हे, लव्हाळ्याच्या घरचा, असे ठरवले. भाऊ म्हणाली, तोच आहे असे म्हणाली नाही. एवढी काटेकोर भाषा आम्ही पुढे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या तोंडीसुद्धा फारशी ऐकली नाही.

निवृत्तीनंतर आम्हांला भिंगाचा नाद लागला आहे. त्या रात्री दिव्याखाली पुठ्ठा ठेवून आम्ही ते जांभळे ठिपके न्याहाळले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक कणिशक, लहानशा फुलांचे एक कणीस. कौलारू छपरावर कौले बसवावीत तशी त्यावर बारीक खवले एकावर एक, फिरत्या जिन्यासारखी बसलेली. खवल्यांचा रंग गडद जांभळा, मधून एक हिरवट रेघ. काडाला पान म्हणून नाहीच. बुडाशी एक पातळ खोळ तेवढी. म्हणजे पानाचे काम देठानेच पत्करलेले. सूर्याचे ऊन घेऊन अन्न करायचे, तेही त्यानेच, आणि फुलाला उचलून धरायचे, तेही त्यानेच. सुईच्या टोकाने एक खवला उचलला तेव्हा आतून एक बी घरंगळले. अर्धा मिलिमीटर असेल नसेल. काळेभोर, चकचकीत, दोन्ही बाजूंनी फुगीर, आणि माथ्यावर इवलीशी टोपी. मुस्ता कुळात ही टोपी घालणाऱ्या, बिनपानांच्या, एकाच कणसाच्या रोपांचे एक घराणे आहे. त्याचे शास्त्रीय नाव इलिओकॅरिस.

म्हणजे मुलगी बरोबर होती. एकोणचाळीस वर्षांनी, दहापैकी दहा.

घराणे कळले, तरी व्यक्ती कळायची होती. या घराण्यातील दोन जाती काळ्या चकचकीत बियांच्या आणि दिसायला बऱ्याच सारख्या आहेत. एकीचे नाव इलिओकॅरिस जेनिक्युलाटा. तिचे कणीस अधिक वाटोळे आणि फिकट तपकिरी, आणि बीभोवती जे राठ केस असतात ते तपकिरी आणि चांगले लांब. दुसरीचे नाव इलिओकॅरिस ॲट्रोपर्प्युरिया; तिचे कणीस गर्द जांभळे, बी अधिक लहान, आणि तिच्याभोवतीचे केस आखूड आणि पांढरे. इतक्या लहान गोष्टीवर ओळख अवलंबून असते! आमच्या कागदावरच्या रोपाचे केस इतक्या वर्षांत झडून गेले होते, किंवा आमच्या थरथरत्या हाताने झडले. ताजे रोप पाहिल्याशिवाय निर्णय होणार नव्हता. आणि खरे सांगायचे तर, केवळ रोप पाहण्यासाठी आम्हांला जायचे नव्हते.

मार्चच्या मध्यास आम्ही दोघे निघालो. श्रीरामपूरहून संगमनेर, तेथून अकोले, राजूर, शेंडी. प्रवरा नदीचे पाणी ज्या वाटेने आपल्याकडे येते, त्या वाटेने उलटे वर चढत जाण्याचा हा प्रवास. श्रीरामपूर-राहुरी-नेवासे भागातील आपल्या धर्मग्रामांपैकी कितीतरींचे जीवन या पाण्याने बांधलेले आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याला अडवली गेली. १९१० साली सुरू झालेले ते काम १९२६ साली पुरे झाले आणि धरणाला विल्सन यांचे नाव मिळाले. आवर्तन सुटले की नाही, एवढाच आपला त्या धरणाशी संबंध. पाटाला पाणी आले म्हणजे आपल्याकडे आनंद होतो. पण तेच पाणी तिकडे हटत असते, आणि हटलेल्या पाण्याच्या जागी काय उगवते, ते आपण कधी पाहत नाही.

जलाशयाचा काठ ही मोठी विलक्षण जागा आहे. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेस दुष्काळ ठाण मांडून बसतो, तर पश्चिमेच्या टोकावरील घाटघरला जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. जुलै-ऑगस्टच्या पावसात कळसूबाई आणि रतनगड यांच्या कुशीतील हे खोरे तुडुंब भरते, आणि काठावरील उतार कित्येक पुरुष पाण्याखाली जातो. पुढे हिवाळ्यापासून आवर्तने सुटू लागली की पाणी पायरीपायरीने खाली उतरते आणि चिखलाचा एक एक पट्टा उघडा पडतो. वर्षातील काही महिने तो तळ असतो आणि काही महिने जमीन. मोठे झाड तेथे टिकत नाही, कारण मुळे कुजतात. आणि कोरड्या माळावरचे गवतही टिकत नाही. तेथे ज्यांची बीजे चिखलात, पाण्याखाली, अंधारात महिनोन्‌महिने पडून राहू शकतात आणि पाणी हटताच काही आठवड्यांत उगवून, फुलून, पुन्हा बी टाकून मोकळी होऊ शकतात, तीच रोपे राहतात. त्यांना घाई असते. पण त्या घाईच्या पाठीशी फार मोठी वाट पाहणे असते.

महापुरात वृक्ष वाहून जातात आणि लव्हाळा वाचतो, हा तुकाराम महाराजांचा नम्रतेचा दृष्टांत आम्ही मराठीच्या तासाला किती तन्मयतेने शिकवला होता! आणि त्याच दिवसांत, विज्ञानाच्या तासाला, त्याच लव्हाळ्याच्या भावापुढे आमची लाल शाई महावृक्षासारखी ताठ उभी होती.

मुलीचा ठावठिकाणा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दिला. तो आता एस. टी.त वाहक आहे. ती रतनवाडीच्या रस्त्यावरील एका वाडीत राहते, अंगणवाडीत सेविका आहे. आता पन्नाशी ओलांडलेली, सुना-नातवंडांची झालेली बाई. अंगणात आम्हांला पाहताच तिने पदर सारखा केला, क्षणभर निरखले आणि म्हणाली, "सर ना?" मग वाकून पाया पडली. आम्हांला ते पाय मागे घ्यावेसे वाटले.

चहा झाला. पिशवीतून पुठ्ठा काढून आम्ही तिच्यापुढे ठेवला आणि जे सांगायचे ते सांगितले: की तिचे उत्तर बरोबर होते, आमचे चुकीचे होते, आणि त्याबद्दल क्षमा मागायला आम्ही आलो आहोत. पापनिवेदनाच्या कठड्याशी आजवर कितीदा गुडघे टेकले असतील. पण तेथे ऐकणारा आपल्याला ओळखतो की नाही याची खात्री नसते. येथे ती समोर बसली होती. आमची जीभ जड झाली हे कबूल केले पाहिजे.

तिने तो कागद हातात घेतला, आपले अक्षर वाचले आणि हसली. गुणांची तिला आठवणही नव्हती. आम्ही जरा सुटल्यासारखे झालो. मग तीच, अगदी सहज, म्हणाली, "मार्कांचं काय घेऊन बसलात सर! पण तवा सुट्टीत घरी आल्यावर मी आजीला सांगितलं, की सर म्हणले हे गवतच हाये. आजीकडं याला येक नाव होतं. तिला मी म्हणलं, तसं काय नसतं. मग घरात समदी गवतच म्हणाया लागली."

"काय नाव होते?" आम्ही विचारले.

तिने खूप आठवून पाहिले. शेजारच्या म्हाताऱ्या जावेला हाक मारून विचारले. तिलाही आठवेना. आजी जाऊन तीस वर्षे झाली होती. "त्येवढं बघा राहिलं नाही," ती म्हणाली. "पण आजी सांगायची, जोवर याचे जांभळे ठिपके दिसतात तोवर त्या चिखलावर बैल घालू नये. आतून ओला असतो. बैल रुततो."

आम्ही दहापैकी सहा गुण परत द्यायला गेलो होतो. जे घेतले होते ते गुण नव्हतेच. ज्या बाईने आयुष्यभर त्या काठावर पाहून, तुडवून, एक रोप इतर रोपांपासून वेगळे काढले, त्याला नाव दिले आणि त्या नावाला एक उपयोगाचे ज्ञान बांधून ठेवले, तिच्या तोंडातील शब्द आम्ही तीन मैलांवरून, न पाहता, लाल शाईने खोडला होता. आणि खोडायला हात वापरला तो तिच्याच नातीचा. गुरुजी म्हणाले, म्हणजे तेच खरे. त्या मुलीने आमच्यावर टाकलेला हा विश्वास होता. शिक्षकाच्या चुकीचे भय असे, की ती आज्ञाधारक मुलांच्या मुखाने पसरते.

तेथून उठून आम्ही तिघे काठावर गेलो. पाणी बरेच खाली होते. भेगाळू लागलेल्या चिखलाच्या वरच्या पट्ट्यात नागरमोथा आणि त्याची पिवळसर कणसांची भावंडे होती. आणि त्याखाली, पाण्याच्या जवळ, जेथे पायाचा ठसा उमटताच त्यात पाणी झिरपत होते तेथे, तो होता. एक नव्हे, हजारो. उभ्याने पाहिले तर जमिनीला नुसती हिरवी लव आल्यासारखी वाटावी. ओणवे झालो आणि त्या लवेवर जांभळी धूळ पसरल्यासारखे ठिपके दिसू लागले. भिंगाखाली खवला उचलला. काळे बी, माथ्यावर टोपी, आणि बुडाशी आखूड, पांढरे केस. ॲट्रोपर्प्युरिया. नंतर एका महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना नमुना दाखवला. त्यांनीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तेच नाव सांगितले. तिने भिंग हातात घेऊन बराच वेळ पाहिले. "केस पांढरे हायेत," असे तीच आमच्या आधी म्हणाली, हेही नोंदवून ठेवतो.

घरी आल्यावर आम्ही त्या नावाचा अर्थ शोधला. ॲट्रोपर्प्युरिया म्हणजे काळपट जांभळी. हा तर उपवासकाळातील आपल्या वेदीवरच्या वस्त्रांच्या जवळचा रंग. इलिओकॅरिस हे नाव रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० साली दिले. त्यात दोन ग्रीक शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ दलदल, पाणथळ. दुसरा शब्द 'खारिस'. नव्या करारात कृपा या अर्थी हाच शब्द येतो. गॅब्रिएल दूताने नाझरेथच्या कुमारिकेला ज्या शब्दाने संबोधले आणि ज्याचा अर्थ आपण 'कृपापूर्ण' असा करतो, तो शब्दही याच मुळातून निघालेला आहे. ब्राऊनसाहेबांच्या मनात धर्मशास्त्र नसावे. ग्रीकमध्ये त्या शब्दाला डौल, शोभा असाही अर्थ आहे आणि त्यांना तोच अभिप्रेत असणार. पण आमच्यासारख्या भाविकाला त्यात जे ऐकू आले ते ऐकू आले. पाणथळीची कृपा. आम्ही तिला दहापैकी चार गुण दिले होते.

आपल्या धर्मपरंपरेत या गोष्टीची जाण नव्हती असे नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लाटर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. त्यांनी चार्ल्स मॅकॅन यांच्यासह मुंबई इलाख्यातील गवतांचा अभ्यास केला आणि तो ग्रंथ १९३५ साली, फादरांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही त्या महाविद्यालयात आहे. त्याच परंपरेतील स्पेनचे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३ साली दिला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मिस्सा अर्पण करणारे हात गवताच्या कुसळातही तितक्याच आदराने शोध घेत होते. आपल्या जिल्ह्याच्या वनस्पतींचा प्रधान आणि सिंह यांनी केलेला स्वतंत्र ग्रंथ १९९९ साली निघाला. तेव्हा अज्ञानाला सबब नाही. आमच्या शाळेत पुस्तक नव्हते हे खरे. पण पुस्तक नव्हते म्हणून मुलीचे ऐकायचे नाही, असे कोणी सांगितले होते?

पवित्र ग्रंथात तर हे कुळ अगदी प्रारंभीच येते. मोशेच्या आईने बाळ ज्या पेटाऱ्यात ठेवून नदीकाठच्या लव्हाळ्यांत सोडले, तो पेटारा पपायरसचा होता, असे अभ्यासक सांगतात. आणि पपायरस म्हणजे मुस्ता कुळातीलच, आपल्या लव्हाळ्याचा थोरला, पुरुषभर उंच भाऊ. त्याच्याच देठाच्या पट्ट्यांपासून प्राचीन जगाचा कागद बनत असे. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात अशा कागदाचा तळहाताहून लहान तुकडा आहे. १९२० साली तो इजिप्तमध्ये मिळवला गेला आणि १९३५ साली त्याचे वाचन प्रसिद्ध झाले. नव्या कराराच्या उपलब्ध हस्तलिखितांपैकी तो सर्वांत जुन्यांपैकी एक. सर्वसाधारणपणे दुसऱ्या शतकातील मानला जातो. त्यावर संत योहानाच्या शुभवर्तमानातील, ख्रिस्त पिलातासमोर उभा असल्याच्या प्रसंगातील काही ओळी आहेत. हाच तो प्रसंग, ज्यात सत्य समोर उभे असताना पिलात सत्याविषयी प्रश्न विचारतो आणि उत्तराला न थांबता बाहेर निघून जातो. आम्ही तो प्रसंग दर शुभ शुक्रवारी ऐकतो. या वर्षी ऐकताना पिलाताच्या हाती आम्हांला लाल शाईची दौत दिसली.

आणखी एक गोष्ट, जी लिहावी की नाही असा विचार करत होतो. आमचे आजोबा गावकुसाबाहेरचे. गाव त्यांना एका अर्ध्या, तुटक नावाने हाक मारी. माणसाचे नाव तसे मोडून घेतले की त्याला काम सांगणे सोपे जाते. त्यांचे पूर्ण नाव आदराने, सुवाच्य अक्षरात, वडिलांच्या नावासह कोठे लिहिले गेले असेल तर ते मिशनच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत. परदेशातून आलेल्या एका धर्मगुरूने तो उच्चार विचारून विचारून, बरोबर करून घेतला होता, असे आजोबा सांगत. ते सांगताना त्यांचा स्वर बदलत असे. ज्यांच्या घराण्याने सरसकट एका शब्दात लोटले जाणे काय असते ते भोगले, आणि कोणीतरी थांबून आपले नाव विचारले म्हणजे काय होते तेही अनुभवले, त्या घरातील माणसाने एका ठाकर म्हातारीचा शब्द 'गवत' या एका शब्दात लोटून द्यावा, याची आम्हांला सर्वांत अधिक लाज वाटते. 'हे गवत' असे लिहायला एक क्षण लागला होता.

म्हणून या लेखात त्या बाईचे नाव नाही. आम्ही विचारले होते. ती म्हणाली, "माझं नको सर. नाव आजीचं गेलं, ते सापडलं तर लिहा." तिची अट आम्ही पाळतो आहोत.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रात नष्ट होणाऱ्या जीवजातींविषयी दुःख व्यक्त केले आहे. प्रत्येक जीव आपल्या अस्तित्वाने देवाचा गौरव करतो, आणि तो नाहीसा झाला की त्याचा निरोप आपल्यापर्यंत कधीच पोचत नाही, असा त्यांचा आशय आहे. आमचे रोप नाहीसे झालेले नाही. पाणी हटले की ते या वर्षीही येईल, पुढच्या वर्षीही येईल. नाहीसा झाला तो त्याच्याविषयीचा एक मराठी मातीतील शब्द. ग्रीक नाव ग्रंथात सुरक्षित आहे. ठाकरवाडीतील नावाला ग्रंथ नव्हता, एक नात होती.

वाचकहो, आता आम्ही काय करतो, एवढे सांगून थांबतो. त्या खोऱ्यातील इतर वाड्यांतून, आजीच्या वयाच्या जितक्या बाया हयात आहेत त्यांच्याकडे तिने चौकशी चालवली आहे. पाण्याजवळचे रोप, बिनपानांचे, टोकाला जांभळा ठिपका. तुमच्यात याला काय म्हणतात? अंगणवाडीच्या कामाने तिला घरोघर जावेच लागते. त्यात हा एक प्रश्न वाढला. आमच्याकडे एक कोरी वही आहे. पहिल्या पानावर तिच्या पुठ्ठ्यावरचे ते रोप पुन्हा नव्याने शिवले आहे. खाली शास्त्रीय नाव लिहिले, सापडल्याचे स्थळ लिहिले, तारीख लिहिली. तिचे जुने वाक्य जसेच्या तसे उतरवले आणि आजीची ती बैलाची गोष्टही लिहिली. 'स्थानिक नाव' या शब्दांपुढे जागा रिकामी ठेवली आहे.

लाल शाईचा कागद आम्ही फाडला नाही. तोही त्याच वहीत, पाठीमागे, डकवला आहे. पुनरुत्थान सणाच्या आदल्या सायंकाळी देवळात जाण्यापूर्वी आमच्या पत्नीने वही उघडून पाहिली आणि विचारले, "नाव नाहीच सापडले तर?" आम्ही म्हणालो, जागा तशीच ठेवू. बी चिखलात किती दिवस वाट पाहते, ते आता आम्हांला ठाऊक झाले आहे.